पहिला धक्का जनावराचा, दुसरा जमिनीचा

मोटारसायकलस्वाराच्या अंगावरचे हेल्मेट, जाकीट, हातमोजे, पाठीचे कवच यांपैकी एकही वस्तू ‘वाटेत जनावर आडवे आले तर?’ या प्रश्नातून जन्माला आलेली नाही. हेल्मेट शर्यतीच्या मैदानावर जन्मले आणि लष्करात मोठे झाले. चामड्याचे जाकीट थंडी-वाऱ्यासाठी शिवले गेले. पाठीचे कवच विश्वविजेतेपदासाठी धावणाऱ्यांनी मागून घेतले. मोटारगाड्यांनी या बाबतीत बरीच मजल मारली आहे. स्वीडनमध्ये मॅग्नस गेन्स याने रबरी चकत्यांचा एल्क, म्हणजे तिकडचे महाकाय हरिण, तयार केला आणि त्यावर गाड्या आदळून काच, छत आणि खांब किती टिकतात ते पाहता येऊ लागले. २०२२ साली त्याला या कामासाठी इग नोबेल मिळाले. त्या पारितोषिकाचा सूर गमतीचा असला तरी काम गंभीर होते. व्होल्व्हो कंपनीने २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या टिडबिनबिल्ला अभयारण्यात कांगारू ओळखणाऱ्या यंत्रणेची तपासणी सुरू केली. उडी मारणारे जनावर हवेत असताना आहे त्याहून लांब दिसते, त्यामुळे संगणकाचा अंदाज चुकतो, असे कंपनीला दोन वर्षांनी कबूल करावे लागले. दुचाकीस्वाराच्या कपड्यांची तपासणी मात्र आजही निहाई, वजन आणि घासणारा पृष्ठभाग एवढ्यांवरच चालते. त्या प्रयोगशाळेत जनावराला जागा नाही. इतके असूनही जनावराशी टक्कर झाल्यावर ही साधने उपयोगी पडतात, आणि का पडतात व कुठे तोकडी ठरतात, हे त्यांच्या इतिहासातच दडलेले आहे.

सुरुवात डोक्यापासून करू. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स धावपट्टीवरचे वैद्यकीय अधिकारी एरिक गार्डनर यांच्यापुढे डोके फुटलेले स्वार वरचेवर येत. त्यांनी कापड आणि लाखेची एक टणक टोपी तयार करवून घेतली आणि शर्यत भरवणाऱ्या संघटनेच्या गळी उतरवली. १९१४ च्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीत ती सक्तीची झाली. पण मैदानाबाहेरचा स्वार आपल्या कापडी टोपीवर खूश होता. पुढची पायरी यायला एका प्रसिद्ध माणसाचा मृत्यू कारणीभूत झाला. १३ मे १९३५ रोजी टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, डॉर्सेटमध्ये आपल्या ब्रफ सुपीरियरवरून जात असताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकवायला गेला, फेकला गेला, आणि सहा दिवसांनी मेंदूच्या दुखापतीने वारला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध लिहिला. युद्धाआधीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये १,८८४ स्वार आणि मागे बसलेले लोक मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत तो आकडा २,२७९ वर गेला, कारण रस्त्यांवर काळोख होता. हेल्मेट घातलेल्या जखमींची केर्न्सना सातच प्रकरणे मिळाली, आणि ते सातही जण वाचले होते. सात हा आकडा कुठल्याही संख्याशास्त्रज्ञाला हसू आणेल. पण लष्कराला तेवढे पुरले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून निरोप्या स्वारांना हेल्मेट घालणे भाग पडले. केर्न्सच्या १९४६ मधल्या दुसऱ्या निबंधात मृत्यूंची उतरती रेघ स्पष्ट दिसते.

लॉरेन्सचा अपघात इथे उगाच आणलेला नाही. तो कोणावरही आदळला नव्हता. समोर अचानक जीव आला, त्याने गाडी वळवली आणि त्याचा प्राण घेतला जमिनीने. जनावराच्या अपघातांचा साचा हाच आहे. अमेरिकेत इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या संशोधकांनी २००० ते २००२ या काळातले, नऊ राज्यांमधले, जनावराला धडकून झालेले १४७ प्राणघातक अपघात पोलिसांच्या अहवालांवरून तपासले. ७७ टक्के अपघातांत समोर हरिण होते, पण कुत्र्यासारखी लहान जनावरेही होती. मेलेल्या दुचाकीस्वारांपैकी बहुतेकांना जनावराच्या अंगाने मारलेले नव्हते. ते गाडीवरून उडून रस्त्यावर आपटले होते, आणि त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. थोडे गणित केले की यातले कारण कळते. गाडी आणि स्वार मिळून २२० किलो धरा, वेग ताशी ८० किलोमीटर, आणि समोर ६० किलोचे जनावर. मोठा करडा कांगारू किंवा आपल्याकडचा चितळाचा नर साधारण एवढाच भरतो. धडकेनंतर दोघे एकत्र ढकलले गेले असे मानले तर वेग ताशी ६३ च्या आसपास येतो. म्हणजे धडकेतच स्वार भिंतीवर आदळल्यासारखा थांबत नाही, त्याचा जेमतेम एक-पंचमांश वेग जातो. त्याचा घात होतो तो पुढचे चाक आडवे होऊन गाडी अंगाखालून निसटते तेव्हा. उरलेला ६३ चा वेग तो डांबरावर, दगडी कठड्यावर, नाहीतर कडेच्या झाडावर खर्च करतो. जनावर फक्त त्याला खाली पाडते.

इथे एक शंका नेहमी येते, आणि ती विचारणाऱ्याला वेड्यात काढून चालणार नाही. युरोपच्या ज्या नियमाने वीसेक वर्षे हेल्मेटे तपासली गेली, त्यात डोक्याचा साचा सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी सत्तावीस किलोमीटर वेगाने निहाईवर आपटतात. मग ८० च्या वेगाने जाणाऱ्याला २७ ची परीक्षा पास झालेल्या टोपीचा काय उपयोग? उत्तर असे की डोके जमिनीवर पडते ते उंचीवरून. गाडीवर बसलेल्याचे डोके जमिनीपासून सुमारे दीड-पावणेदोन मीटरवर असते, आणि एवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला लागते. आडवा वेग कितीही असला तरी समोर काही आले नाही तर तो घसरण्यात आणि लोळण्यात जातो. चार्ल्स लोम्बार्ड यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ज्या रचनेवर काम केले आणि १९५३ मध्ये जिचे पेटंट मिळाले, त्या टणक कवच आणि आतल्या चेपणाऱ्या थराच्या रचनेचा हिशोब इथे बरोबर बसतो. आतला थर एकदाच चेपतो आणि मेंदूला थांबायला काही मिलिमीटर जास्त देतो. कवच फुटले म्हणून हेल्मेट ‘कुचकामी निघाले’ असे म्हणणारे लोक हेच विसरतात की ते फुटण्यासाठीच केलेले असते. झाड किंवा खांब मध्ये आला तर हा हिशोब मोडतो, हे मान्य आहे. म्हणूनच जनावर चुकवायला गाडी झटक्याने वळवणे हे अनेकदा जनावराला धडकण्यापेक्षा महाग पडते. वळणाऱ्याला झाड सापडते, सरळ जाणाऱ्याला बहुधा डांबर. डोक्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जर्मनीत हॅनोव्हरचे डिटमार ओटे यांनी १९९१ मध्ये हेल्मेटवरचे आघात नेमके कुठे लागले याची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश आघात हनुवटीच्या पट्ट्यावर निघाले. जनावरावरून पुढे फेकला गेलेला माणूस तोंडावरच पडतो. त्यामुळे पुढून उघडे असलेले, किंवा आपल्याकडे पोलीस दिसला की डोक्यावर ठेवले जाणारे अर्धे हेल्मेट, नेमक्या याच अपघातात फसते.

डोक्याखालच्या कपड्यांचा इतिहास याहून वेडावाकडा आहे. न्यू यॉर्कच्या अर्विंग शॉट यांनी १९२८ मध्ये चेन लावलेले चामड्याचे जाकीट विकायला काढले ते वारा अडवण्यासाठी. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटाने त्याला गुंडगिरीची झळाळी दिली, आणि पुढची अनेक दशके लोक ते दिसण्यासाठी घालत राहिले. इंग्लंडच्या जेफ ड्यूकने १९५० मध्ये शिंप्याकडून एकसंध चामडी सूट शिवून घेतला, त्यामागे वाऱ्याला कमी अडथळा व्हावा हा हेतू होता. त्वचा वाचते हा नंतर लागलेला शोध, किंवा मूळ हेतूवर मिळालेली वरकड. पाठीचे कवच १९७० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत आले. खेकड्याच्या जातीच्या लॉबस्टरच्या पाठीसारखे ते एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्यांचे होते. हे सगळे होत असताना कपडा खरोखर किती वेळ टिकतो हे मोजायची रीतच नव्हती. ती घालून दिली केंब्रिजच्या रॉडरिक वुड्स यांनी. त्यांच्या यंत्रात खरखरीत पट्टा सेकंदाला आठ मीटर वेगाने फिरतो, त्यावर कापडाचा तुकडा सोडला जातो आणि त्याला भोक पडेपर्यंतचा वेळ मोजला जातो. अपघातांतल्या फाटलेल्या कपड्यांवरून त्यांनी शरीराचे विभागही पाडले. खांदा, कोपर, नितंब, गुडघा इथे कापड सर्वाधिक घासते, काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला सर्वांत कमी. २००२ च्या युरोपीय मानकात सर्वाधिक घासणाऱ्या भागासाठी किमान चार सेकंद आणि वरच्या पातळीसाठी सात सेकंद अशी अट आली. साधी एकपदरी जीन्स याच परीक्षेत एक सेकंदही तग धरत नाही. आपल्याकडे मोटारसायकलवरचा राष्ट्रीय पोशाख जीन्सच आहे, तेव्हा हा एक सेकंद लक्षात ठेवण्यासारखा.

प्रयोगशाळेतले सेकंद रस्त्यावर काय करतात, याचा सगळ्यात चांगला पुरावा कांगारूंच्याच देशातून आला. ऑस्ट्रेलियाचे या विषयाशी जुने नाते आहे. तिथल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जानेवारी १९६१ पासून मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे केले, जगात सगळ्यांआधी. त्यामुळे तिथे चर्चा डोक्यावरून अंगाकडे लवकर सरकली. लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८-०९ मध्ये कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ स्वारांना गाठून त्यांनी काय घातले होते आणि त्यांना काय लागले याचा मेळ घातला. त्यातून दिसले ते असे. मोटारसायकलचे जाकीट घातलेल्याला रुग्णालयात भरती व्हावे लागण्याची शक्यता साधारण एक-पंचमांशाने कमी होती. खास पॅन्ट घातलेल्यात ती निम्म्यावर आणि हातमोजे घातलेल्यात त्याहूनही खाली आली. म्हणजे लोक ज्यावर सर्वाधिक पैसे टाकतात ते जाकीट, आणि फायद्यात पुढे निघाले पॅन्ट व हातमोजे! पण याच अभ्यासाची दुसरी बाजूही उघड आहे. अपघातात सुमारे ३० टक्के जाकिटे, २८ टक्के पॅन्टी आणि २६ टक्के हातमोजे फाटून किंवा उसवून निकामी झाले होते. सरळ सांगायचे तर दुकानातले साहित्य चारातून एकदा धोका देत होते. आणि हाड मोडण्याच्या बाबतीत कपड्यांचा काही उपयोग झाला असे दिसले नाही. कातडे वाचले, मांस वाचले, हाड मोडायचे ते मोडलेच.

हा शेवटचा मुद्दा दडपून चालणार नाही, कारण संरक्षक साहित्याचे टीकाकार त्यावरच बोट ठेवतात आणि त्यांचे म्हणणे अर्धे तरी खरे आहे. गुडघा-कोपरावरच्या कवचांचे युरोपीय मानक १९९७ चे. त्यात ५० ज्यूल ऊर्जेचा घाव घालतात आणि कवचातून पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल गेले तरी कवच पास होते. हाड मोडायला याहून फार कमी बल पुरते, त्यामुळे कॅनबेराच्या निष्कर्षात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आणखी एक ठळक फट मानकांच्या तारखांमध्येच आहे. पाठीच्या कवचाचे मानक २००३ मध्ये आले, छातीच्या कवचाचे थेट २०१८ मध्ये. पंधरा वर्षे छाती मागे का राहिली? कारण मैदानावरचा स्वार घसरतो, लोळतो आणि पाठीवर येतो. त्याच्या समोर सहसा कोणी नसते. जनावराशी टक्कर मात्र समोरून होते. उडालेल्या हरणाचे धड हँडलवरून स्वाराच्या छातीवर येते, नाहीतर स्वारच हँडलवर आणि पेट्रोलच्या टाकीवर आपटतो आणि ओटीपोटाचे हाड मोडते. मैदानासाठी घडलेले कवच खेड्याच्या वाटेवर कुठे कमी पडते, हे इथे नेमके दिसते. मोटोजीपी शर्यतीत २०१८ पासून हवेच्या पिशवीचे सूट सक्तीचे झाले. आता तशी जाकिटे बाजारातही आली आहेत. ती छाती, गळपट्टीचे हाड आणि मान यांच्याभोवती फुगतात, म्हणजे उणीव होती तिथेच. पण त्यांतली जी दोरीने गाडीला बांधलेली असतात ती स्वार गाडीपासून सुटल्यावरच फुगतात. जनावर अंगावर येऊन आदळते तेव्हा स्वार बहुधा खोगिरावरच असतो. पहिल्या धक्क्याला ती मुकतात, दुसऱ्याला कामी येतात.

आपल्याकडचे आक्षेप मात्र इतके खोल नसतात. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मुद्दे ठरलेले होते: मागचे ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, मान दुखते. जनावराच्या बाबतीत यांतले पहिले दोन वरवर पटण्यासारखे आहेत, कारण झुडपातून बाहेर पडणारे डुक्कर कडेनेच दिसावे लागते. पण हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिसमध्ये ९०० अपघात जागेवर जाऊन आणि ३,६०० पोलीस अहवाल वाचून १९८१ मध्ये जो अहवाल दिला, त्यात हेल्मेटमुळे अपघाताआधीचे ऐकणे किंवा पाहणे कमी झाल्याचा एकही धागा सापडला नाही. मानेच्या दुखापती हेल्मेटवाल्यांत कमीच होत्या. याच अहवालात जनावरांमुळे झालेले अपघात जेमतेम एक टक्का निघाले, आणि ‘मग एवढी चर्चा कशाला’ असे कोणी म्हणू शकेल. तो आकडा लॉस एंजेलिसचा आहे. शहरात मोजलेल्या टक्क्यावरून जंगलाच्या रस्त्याचा धोका ठरवणे चूकच. कवच घातले की माणूस बेफाम होतो, हा आक्षेप ऐकायला शहाणपणाचा वाटतो. मात्र हेल्मेटवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र ताळा मांडणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. बेफामपणाने हे सगळे खाऊन टाकले असते तर एवढी शिल्लक उरली नसती. उकाड्याचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी मानतो. मे महिन्यात नागपूरला जाड चामडे घालून फिरणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर राहणार नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘मोटोकॅप’ या मूल्यांकनात म्हणूनच संरक्षणाचे तारे वेगळे आणि घाम बाहेर जाऊ देण्याचे तारे वेगळे दिलेले असतात. दुकानातून कपडे विकत आणायचे, प्रयोगशाळेत फाडायचे आणि निकाल नावासकट जाहीर करायचा, अशी ही सरळ पद्धत आहे. भारतात हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे आणि जून २०२१ पासून त्याची खूण नसलेले हेल्मेट विकण्यास मनाई आहे. जाकीट आणि पॅन्ट यांचा निकाल असा जाहीर करणारी व्यवस्था आपल्याकडेही हवी.

राहिला वजनदार जनावरांचा प्रश्न. मघाचे गणित ६० किलोच्या चितळाचे होते. विदर्भातला रोही दोनशे किलोच्या पुढे जातो. त्याला धडकल्यावर वेग एका क्षणात निम्म्यावर येतो. सह्याद्रीतला गवा आठशे किलो आणि वर भरतो, आणि त्याच्याशी टक्कर म्हणजे जवळजवळ भिंतच. इथे ‘दुसरा धक्का’ उरतच नाही, पहिलाच पुरतो, आणि कुठलेही जाकीट तो सोसण्यासाठी बनलेले नाही. तेव्हा जो म्हणतो की कपड्यांपेक्षा रस्ता सुधारा, त्याच्याशी माझे भांडण नाही. फक्त त्याने हे गव्यापुरते आणि रोह्यापुरते म्हणावे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचच्या जंगलात महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांना वाट दिली, त्यातली सर्वांत मोठी ७५० मीटर रुंद आहे, आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून १८ जातींचे वन्यप्राणी जाताना टिपले गेले. समृद्धी महामार्गावरही अशा वाटा आहेत, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. दुचाकी जाते ती राधानगरीच्या घाटात, ताडोब्याच्या कडेच्या गावरस्त्यांवर, जिथे कुंपणही नाही आणि भुयारही नाही. तिथे भुयार होईपर्यंत स्वाराच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक वेग: ८० वरून ५० वर आल्यास धडकेची ऊर्जा दोन-पंचमांशावर येते, आणि गव्यासमोर एवढाच उपाय आहे. दुसरी गोष्ट चितळ, डुक्कर आणि कुत्र्यासाठी: हनुवटी झाकणारे आणि पट्टा लावलेले हेल्मेट, हातमोजे, आणि जाकिटाआधी पॅन्ट. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले, आणि त्यांतले १४,३३७ मागच्या सीटवर बसलेले होते. तेव्हा हेल्मेट दोन घ्यावीत.